अध्यक्षांची पाटी आणि फुटका रेडिएटर

दूध संस्थेचे अध्यक्ष होताच बबनराव ढमढेऱ्यांनी संस्थेच्या जुन्या पिकअपच्या तोंडावर स्वतःच्या नावाची हातभर पाटी ठोकली. शुभकार्य दुसऱ्याच्या हातून कशाला, म्हणून ड्रिलही स्वतःच चालवलं. दुसऱ्या दिवसापासून इंजिन तापू लागलं आणि गाडी उभी राहील तिथे कूलंटचं हिरवं थारोळं साचू लागलं.

आता अध्यक्ष कधी चुकतात का? चूक अर्थातच ड्रायव्हर सर्जेरावची! बबनराव त्याला चारचौघांसह जैनबभाभींच्या गॅरेजवर घेऊन आले.

"भाभी, रेडिएटर कुणी फोडला त्याचं नाव सगळ्यांसमोर सांगा. आजच घरी बसवतो त्याला!"

भाभींनी रेडिएटर गच्च भरला आणि पंपाने दाब दिला. पाटीमागून हिरवे थेंब ठिबकू लागले. त्यांनी पाटीचा स्क्रू फिरवला. तो निघता निघेना, चांगला बोटभर लांब! निघाला तशी रेडिएटरमधून चिळकांडी उडाली, ती थेट अध्यक्षांच्या कडक इस्त्रीवर.

"नाव सांगा, नाव!" सदरा पुसत अध्यक्ष गरजले.

भाभींनी पाटी फडक्याने पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"मी कशाला सांगू, साहेब? ज्याने फोडला, तो नाव लावूनच गेलाय. वाचा की मोठ्याने!"

भाभी भोकाला डाग द्यायला वळल्या. सर्जेराव मात्र बघत राहिला. आपलं नाव वाचायची एकही संधी न सोडणाऱ्या अध्यक्षांना आज चष्माच सापडत नव्हता.