धुक्यातला भोंगा

“मग भोंगा वाजत होता की नव्हता?”

दर्ग्यातल्या मुर्तुजाबाबांनी तिसऱ्यांदा विचारलं, तसा याकूब सोलकर चिडला.

“वाजत होता, बाबा! कितीदा सांगू? उद्या कोर्टातही हेच सांगणार. मी दुवा मागायला आलोय, उलटतपासणी द्यायला नाही.”

मी दर्ग्याच्या ओट्यावर जाळं शिवत बसलो होतो. दोघांचं सगळं ऐकलं, म्हणून सांगतो.

हा याकूब ‘सलामती’ नावाच्या कौलं वाहणाऱ्या गलबतावर नाळेवर, म्हणजे पार पुढच्या टोकाला उभा राहायचा. धुकं पडलं की साठ आकडे मोजायचे आणि एक लांब भोंगा फुंकायचा, हे त्याचं काम. गेल्या माघात सकाळच्या धुक्यात ‘सलामती’ मिठाच्या गलबतावर जाऊन आदळली. मिठाचं गलबत दुभंगलं. दोन माणसं गेली. त्यातला एक ते गलबत चालवणाऱ्या तांडेलाचा, लखू डोर्लेकरचा, सख्खा भाचा.

लखूचं म्हणणं एकच. आम्ही भोंगा वाजवत होतो, समोरून एकही ऐकू आला नाही.

आता याकूबने ‘वाजत होता’ म्हटलं की, ऐकूनही गलबत वळवलं नाही म्हणून लखू तुरुंगात. ‘नव्हता’ म्हटलं की याकूब.

“घाबरला होतास का रे तेव्हा?” बाबांनी विचारलं.

“मी? वीस वर्षं दर्यात काढली. घाबरतात ती किनाऱ्यावरची माणसं.”

हे बोलताना गड्याने माझ्याकडे बघितलं. मला राग आला, पण जाळं शिवत राहिलो. बढाईला काय, जकात थोडीच लागते!

बाबा उठले. तेही एके काळी तांडेल होते. त्यांचा जुना पत्र्याचा भोंगा आत खुंटीला टांगलेला असतो, तो काढून त्यांनी याकूबच्या हातात दिला.

“समोरच्या धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहा.”

आमच्या धक्क्याचं टोक वादळात तुटलंय. खाली कातळ. तेव्हा भर दुपार, ओहोटी लागलेली. पडेल त्याचं हाड सापडायचं नाही.

“मी इथून चालत येतो,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी वाजवलास तसाच वाजव. एक कमी नको, एक जास्त नको. तुझ्या आवाजावरून मला टोक कळेल.”

“दिसतंय की तुम्हाला.”

बाबांनी खांद्यावरचा हिरवा रुमाल काढला आणि डोळ्यांवर घट्ट बांधला.

मी जाळं टाकून उठलो. “बाबा, भलतंच काय!”

“तू बस. आणि तोंड उघडशील तर माझी शपथ.”

बसलो. काय करणार?

याकूब टोकाला गेला. भोंगा वाजला. मोठा, खणखणीत. बाबा चालू लागले. ऐंशी वर्षांचे अनवाणी पाय, पण एकेक पाऊल सरळ.

मी मनात मोजत होतो. साठाला दुसरा भोंगा. पुन्हा साठाला तिसरा.

अर्धा धक्का संपला, तेव्हा बाबांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरून आवाज काढला.

“होऽऽऽ...”

हुबेहूब गलबताचा भोंगा.

याकूबने भोंगा तोंडाला लावला.

...

आवाज नाही.

बाबा चालतच होते.

“होऽऽऽ...”

याकूब नुसता बघत राहिला. तोंडाला भोंगा तसाच, गाल फुगलेले, डोळे पांढरे. साठ झाले. सत्तर झाले. बाबांपुढे आता पंधरा पावलं उरली असतील. माझी पाचावर धारण बसली. शपथ मोडावी तर बाबांची, न मोडावी तर बाबाच जायचे.

दहा पावलं. बाबा याकूबच्या बाजूने सरळ तुटक्या कडेकडे निघाले होते.

सहा.

“होऽऽऽ...”

भोंग्यातून फुस्स झालं. नुसता वारा.

चार.

भोंगा खडकावर खणकन आपटला.

“बाबा, थांबा! थांबा! वाजवत नव्हतो मी! नव्हता वाजत!”

बाबा थांबले. पुढचा पाय उचललेला होता, तो त्यांनी हळूच मागे घेतला.

याकूब धावत येऊन खाली बसला आणि त्याने बाबांचे पाय कवटाळले. एवढा धिप्पाड माणूस, दात कडकड वाजत होते.

“पहिले तीन वाजवले... देवाशपथ वाजवले. तेव्हा लखूचं गलबत लांब असणार. मग समोरून लखूचा ऐकू आला. अगदी जवळ. भ्यायलो, बाबा. तोंडाला लावला, पण फुंकर निघेना. आकडेही विसरलो.”

“किती वेळ?”

“...लाकूड फुटलं, तोवर.”

खाली पाणी कातळांवर चुबकत होतं.

“पाण्यातून हाक ऐकली मी,” याकूब म्हणाला. “पोरगा मामाला हाका मारत होता. तेव्हासुद्धा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.”

...

“कोणाला सांगितलंस हे?” बाबांनी विचारलं.

“वकिलाला. तो म्हणाला, भ्यायलो असं कोर्टात म्हणू नकोस. वाजवत होतो एवढंच म्हण. मलाही तेच बरं वाटलं. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा...”

त्याने मान खाली घातली.

त्याची कीव यावी की चीड, मला कळेना. दोन्ही आलं.

मग त्याने मान वर केली. “तुरुंगात जाईन, बाबा. गलबतावर काम करायचा दाखला जाईल. घरी तीन पोरी आहेत. मला भीती वाटते.”

“वाटणारच.”

“उद्या पिंजऱ्यात उभा राहीन, समोर लखू असेल. तेव्हा पुन्हा घसा बंद झाला तर?”

बाबांनी डोळ्यांवरचा रुमाल सोडला, घडी घातली आणि त्याच्या हातात ठेवला.

“हा लखूला नेऊन दे. म्हणावं, बांध डोळ्यांवर. उद्या कोर्टात याकूब वाजवतोय.”