लोखंडी कणा आणि बाभळीचा कणा

एका डोंगरावर एक म्हातारे मिस्त्री राहायचे. यंत्रं बनवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. गुडघे दुखायला लागले तसे ते कबुतरांकरवी शिकवू लागले. शिष्य दूरदूरच्या गावांतले, कोणी कोणाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.

एकदा मिस्त्रींनी जोडीनं काम दिलं. सुताराच्या गोदीनं रहाटाचं चाक करायचं आणि तीन गावं पलीकडच्या लोहाराच्या भैरूनं चाक ज्यावर फिरतं तो लोखंडी कणा. रहाट बसणार होता गोदीच्या गावच्या विहिरीवर. तिची आई दुखरी कंबर धरून रोज पोहरा ओढायची, ते गोदीला बघवत नव्हतं.

तिनं भैरूला चिठ्ठी धाडली, "कणा झाला का?" उत्तर नाही. दुसरी धाडली, तिसरी धाडली. कबुतर आपलं रिकामंच परत!

"आळशी दिसतोय मेला," गोदी चिडून म्हणाली. "मी राबायचं आणि नाव दोघांचं!"

"अगं, काही अडचण असेल त्याची," आई म्हणाली.

"कसली अडचण? फसवतोय तो मला."

झालं, डोक्यात संशयाचा किडा शिरला. तिनं गुपचूप बाभळीचा कणा तासला. कुणाला सांगितलं नाही.

तिकडे भैरूचा उजवा हात भट्टीवर पोळला होता. लिहिता येईना, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायची लाज वाटे. तीन चिठ्ठ्या वाचून तोही भडकला. "ही कोण मुकादम लागून गेली? मिस्त्रींकडे चहाडी करायची असणार हिला!" डाव्या हातानं त्यानं कसाबसा कणा घडवला, पण कळवलं मात्र नाही.

ठरल्या दिवशी मिस्त्री डोलीतून आले. गोदीनं भैरूची वाटही न पाहता आपला कणा बसवला. बैल जुंपले. भरलेल्या गाडग्यांची माळ वर येऊ लागली आणि कडाड! बाभळीचा कणा मोडला. चाक विहिरीत आपटून त्याचे तुकडे झाले.

तेवढ्यात भैरू आला. खांद्यावर लोखंडी कणा, पोळलेल्या हाताला फडकं.

"अरे, हात भाजला तर कळवायचं नाही का?" गोदी म्हणाली.

"तू विचारलंस कुठे? तुझं एकच, झाला का, झाला का!"

गोदीला रडूच फुटलं. "मला वाटलं, तू फसवतोयस."

"आणि मला वाटलं, तू चहाडी करतेयस."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "चूक माझीच रे पोरांनो. चाक शिकवलं, कणा शिकवला, एकमेकांशी बोलायचं शिकवायचं राहूनच गेलं. यापुढं पहिली चिठ्ठी कामाची नाही. मी कोण, माझ्या घरी काय चाललंय, अडलो तर कसं कळवीन, एवढं आधी लिहायचं. मग कामाला हात लावायचा."

दोघांनी माना डोलावल्या. पण नवं चाक व्हायला दोन महिने तरी लागणार होते. गोदीच्या आईनं पदर खोचला, पोहरा उचलला आणि कण्हत कण्हत विहिरीत सोडला.

तात्पर्य एवढंच: न दिसणाऱ्या सोबत्याविषयी शंका आली तर मनातल्या मनात तर्क लढवू नका. आधी त्याची विचारपूस करा, आणि आपली अडचणही त्याला सांगा.