खानावळवाल्याचा निवडुंग

साल एकोणीसशे त्रेपन्न. पौष महिना, कडाक्याची थंडी. नीट ऐका, मध्ये बोलायचं नाही.

माणदेशात एक खानावळवाला होता. नाव रखमाजी. त्याच्या दारातून कुणी उपाशी गेला नाही, आणि हे तो सगळ्यांना सांगायचा.

शेजारी आवडाबाई राहायची. तिच्याकडे एक गोल निवडुंग होता, नवऱ्याने आणलेला. त्याला लालभडक फूल यायचं. आता तिला गच्ची चढवेना. अंगणात ऊन नाही. डोळ्यांपुढेही धुकं येऊ लागलं होतं.

तिने कुंडी रखमाजीला दिली. म्हणाली, "थंडीत याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. उपाशी झोपला, तरच चैत्रात फुलतो. आणि पहिलं फूल मला दाखवायचं. डोळे आहेत तोवर."

"दाखवतो काकू. माझा शब्द."

मग रखमाजीने कुंडी गच्चीवर ठेवली. रात्री सगळ्यांना ताटं वाढताना त्याला कुंडी आठवली. आपल्या घरात एक जीव उपाशी? तो तांब्या घेऊन वर गेला.

निवडुंग बोलला, बरं का. म्हणाला, "मला झोपू दे."

"आधी पाणी पी," रखमाजी म्हणाला.

चैत्र आला. फूल नाही.

दुसऱ्या पौषात त्याने भाताची पेज ओतली.

"मला झोपू दे."

"रिकाम्या पोटी झोप येते का कुणाला?"

निवडुंग भोपळ्यासारखा फुगला. फूल नाही. आवडाबाई भिंतीपलीकडून विचारायची, "रखमा, कळी दिसते का रे?" आता ती भिंत चाचपत चालायची.

"येईल काकू. चांगला बाळसं धरतोय."

"पाणी तर देत नाहीस ना?"

"गिऱ्हाईक आलंय," म्हणत रखमाजी आत पळाला.

मग तिसरा पौष आला. त्याने ताक पाजलं आणि वर घोंगडी पांघरली. निवडुंग काहीच बोलला नाही. संक्रांतीला घोंगडी काढली, तर खालून सगळा कुजलेला. हात लावताच आडवा झाला. बुडाशी एक पिल्लू होतं, लिंबाएवढं. ते तेवढं शाबूत होतं.

रखमाजीने ते कोरड्या रेतीत रोवलं. लाजेने पुन्हा गच्चीवर गेला नाही. पाणी नाही, पेज नाही, काही नाही.

चैत्र लागला. वाळवणाला वर गेला, तर लिंबाएवढ्या पिल्लावर वाटीएवढं फूल. लालभडक. तो कुंडी घेऊन धावत खाली आला.

आवडाबाई उंबऱ्यावर बसली होती. त्याने कुंडी तिच्या डोळ्यांसमोर धरली. ती भलतीकडेच बघत होती.

"कोण? रखमा का?"

"काकू, फूल आणलंय."

"होळीपासून काही दिसत नाही रे मला."

त्याने तिचा हात धरून फुलावर ठेवला. तिने एकेक पाकळी चाचपली.

"मोठं आलंय. काय खायला घातलंस?"

"काही नाही, काकू. या वेळी काहीच नाही."

"मग आधीच का नाही उपाशी ठेवलंस?"

पुढे रखमाजीची खानावळ चालली, आवडाबाईही सुखाने जगली. फूल मात्र तिला दिसलं नाही ते नाहीच.

आता डोळे मिटा. शेवट तेवढा ऐका.

त्या दिवशी उंबऱ्यावरच त्याने फूल खुडलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. दाखवायचं कबूल केलं होतं, ते हाती दिलं.