खिरणगडाचा वाटाड्या मागून का चालतो

घाटमाथ्यावरच्या खिरणगडाला येणारी माणसं हल्ली बहुधा घाईत असतात. दोन दिवसांत तीन गड आणि दोन जुन्या पेठा अशी सहल आखलेली असते. त्यात खिरणगडाच्या वाट्याला दीड तास येतो. पायथ्याच्या चहाच्या टपरीशी उभ्या उभ्या त्यांची चर्चा चालते, की एवढ्याशा वेळात वर चढावं, की खालूनच फोटो काढून पुढचा गड गाठावा. मग कुणीतरी हरीबाला विचारतं, "बाबा, दीड तासात काय काय दाखवाल?"

हरीबा सत्तरी ओलांडलेला, गडावरचा सर्वांत जुना वाटाड्या. तो काठी उचलतो आणि म्हणतो, "मी काय दाखवनार? तुमी व्हा म्होरं. मी मागनं येतो."

लोकांना वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. पण तो खरोखरच मागे राहतो. या गडावर कुठलाच वाटाड्या पाहुण्याच्या पुढे पाऊल टाकत नाही. वाट चुकली तर मागून सांगतो, एवढंच. असं का, याची हकिकत हरीबा पेठेच्या पडक्या वेशीत बसून सांगतो, आणि घाईत असलेलेही ती पुरती ऐकून मगच उठतात.

त्या काळी म्हणे गडाच्या निम्म्या उंचीवर, रुंद सपाटीवर ही पेठ भरलेली होती. भोवती तट, आत तीनशे उंबरे. तेली, कोष्टी, तांबट, सगळे. पेठेतून वर बालेकिल्ल्याला एकच वाट जायची, कातळात खोदलेली, अंगाला कडा घासेल अशी अरुंद. गडाच्या पाण्याची राखण भानजी नावाच्या माणसाच्या घराण्याकडे होती. टाक्यांत पाणी येताना सगळ्यांना दिसायचं, पण भुयारातल्या ज्या झऱ्यातून ते यायचं तो कुठं आहे हे त्या एका घरालाच ठाऊक. भानजीला भाऊ नव्हता, मूल नव्हतं, आणि घरच्या लेकींना जागा सांगायची रीत नव्हती. म्हणून जागा ठाऊक असलेली माणसं दोनच, भानजी आणि त्याची बायको राही.

गडाला वेढा पडला आणि आठ महिने चालला. धान्य संपलं. गड जाणार हे जेव्हा नक्की झालं, तेव्हा मार्गशीर्षातल्या एका सकाळी दाट धुक्याच्या आडोशाने पेठेतली माणसं मागच्या वाटेनं खाली उतरवायचं ठरलं. राही गाठोडं बांधत होती. भानजी दारात उभा होता, कुदळ घेऊन.

"झऱ्याची टाक्यांकडची वाट बुजवतो," तो म्हणाला. "पानी डोंगराच्या पोटात वळंल. हाय त्या पान्यावर त्यांचं चैत्राच्या म्होरं निभायचं न्हाई. मग गड सोडतील, आन आपली मानसं घरी येतील."

"आन भुयाराचं तोंड?"

"ते बी लावतो. पर भाईरनं लावलेला दगुड वळखू येतो," भानजी म्हणाला. "तू हो म्होरं. धुकं हाय तवर उतर."

राहीनं मान डोलावली आणि ती उतरायला लागली. पुढे नणंद बायजा, मागे शेजारीण, पायाखाली ओले दगड. निम्मा डोंगर उतरल्यावर तिला नवऱ्याच्या बोलण्याचा अर्थ लागला. बाहेरून लावलेला दगड ओळखू येतो. म्हणजे दगड आतून लावायचा. ती थांबली. मागची माणसं तिच्यावर येऊन आदळली. वाट एका माणसाची, वरून तीनशे घरांची रांग उतरतेय, परत वर जायला जागा नाही. कुणीतरी तिला पुढे ढकललं आणि ती पुढे झाली.

पेठेतल्या लोकांनी नदीकाठच्या माळावर पाल्याच्या झोपड्या घातल्या. तिथून गड सबंध दिसायचा. राहीला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर दुसरीकडे ठरत नव्हती. दळायला बसली की अर्ध्यात उठायची. चुलीवर भाकरी टाकायची आणि नदीपर्यंत चालून यायची, भाकरी करपून जायची. तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. झऱ्याची जागा सांगायची नव्हती आणि भानजी कुठं आहे हे सांगायचं तर जागा सांगावी लागली असती. बायजाला वाटत होतं, भाऊ गडावर कैदेत आहे. ती रोज सकाळी गडाकडे तोंड करून हात जोडायची. राही तेवढ्यापुरती झोपडीच्या मागे जाऊन उभी राहायची.

फाल्गुनात माळावर दवंडी आली. नव्या किल्लेदाराचा हुकूम होता. जुन्या रहिवाशांपैकी ज्याला आपलं घर, आपले देव बघायचे असतील त्यानं यावं. एका वेळी एकच माणूस. पेठ आणि बालेकिल्ला मिळून तीन घटका. सोबत किल्लेदाराचा वाटाड्या राहील.

माळावर दिवसचे दिवस त्याचीच चर्चा. तीन घटकांत काय बघून होणार, असं काही म्हणायचे. घराचा उंबरा नजरेला पडला तरी पुरे, असं म्हणणारेही होते. हळूहळू चाळीसेक माणसं जाऊन आली. रडून आली, हसून आली. पण परत आलेला प्रत्येक जण एक गोष्ट सांगायचा, की वाटाड्या पुढे चालतच नाही, मागून येतो.

ते ऐकलं आणि राही दळण अर्ध्यात सोडून उठली. गड दाखवायचा तर वाटाड्यानं पुढे चालावं. हा मागून येतो, म्हणजे त्याला दाखवायचं नाही, बघायचंय. कुणाची पावलं कुठं अडतात ते. किल्लेदाराला टाकी भरत नाहीत हे कळलेलं होतं, आणि एवढे दिवस तो एकाच बाईची वाट बघत होता.

जावं तर पाय दगा देतील. न जावं तर पाणी राखणाऱ्याची बायकोच तेवढी आली नाही, हे किल्लेदाराच्या डोळ्यांवर येईल. या दोहोंच्या मधे तिसरंही काही होतं, आणि ते तिला एका जागी बसू देत नव्हतं. बालेकिल्ल्याच्या वाटेवर, भानजी ज्याच्या आड होता त्या कातळापासून हातभर अंतरावरून एकदा जायला मिळणार होतं.

"तू जात का न्हाईस?" बायजानं एक दिवस तिला धरलंच. "समदी जाऊन आली. तुजा नवरा वर हाय, राही. कुटं बेड्या घालून बसवला आसंल. नदरंला पडला तरी..."

"वन्सं, तीन घटकांत काय दिसनार?"

"मला म्हातारीला चढवत न्हाई, न्हाईतर मी गेले आसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी राही गडाच्या वाटेला लागली.

वेशीत एका घंगाळात घटिकापात्र सोडलं होतं. ते बुडालं की घटका भरायची आणि टोला पडायचा. तिथला वाटाड्या खेमा नावाचा शिपाई होता, दूरच्या कोरड्या मुलखातून फौजेबरोबर आलेला, पन्नाशीकडे झुकलेला. त्यानं तिचं नाव विचारलं. भानजीची बायको म्हटल्यावर तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि बाजूला झाला.

"व्हा म्होरं, बाई. वाट तुमची हाय."

राहीनं येतानाच ठरवलं होतं, की सगळीकडे थांबायचं. जागोजागी थांबलं म्हणजे कुठली जागा खरी ते मागच्याला कळायचं नाही. ती वेशीत थांबली. तेल्याच्या घाण्याशी थांबली, तिथं आता घोडे बांधलेले होते. स्वतःच्या घराशी आली. दाराला कवाड नव्हतं, आत कुणाचीतरी खोगिरं रचलेली. ती उंबऱ्यावर टेकली. हे थांबणं ठरवलेलं नव्हतं. पहिला टोला पडला तशी ती दचकून उठली. देवळात गेली, प्रदक्षिणा घातली, आवारात उगाचच एका दगडापाशी उभी राहिली. मागे खेमा दहा पावलांवर.

मग कातळातली वाट सुरू झाली. तिला पुढचं वळण ठाऊक होतं, त्याच्या पुढचं ठाऊक होतं, आणि त्याच्याही पुढचं. तिथंही थांबायचं, असं ती मनाशी म्हणत होती. इतर ठिकाणी थांबले तसंच, श्वास घेण्यापुरतं. दुसरा टोला खाली पेठेत पडला. तिचे पाय भराभर पडायला लागले. तिसरं वळण आलं. कडा नेहमीसारखा, शेवाळलेला, कुठं सांध दिसेना. भानजीनं काम चोख केलं होतं.

आणि तेव्हा म्हणे तिला आतून पाणी ऐकू आलं. अगदी बारीक, कुणी दूर खोलीत घागर रिती करावी तसं.

इथं थांबलं तर इथून हलणं होणार नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं. पदराचं टोक दातांत धरून ती न थांबता पुढे निघून गेली. मान वळवली नाही, कातळाला हात लावला नाही.

पण दहा पावलं चालल्यावर मागची पावलं वाजेनाशी झाली. राहीनं वळून बघितलं. खेमा त्या वळणावर उभा होता, कड्याला कान लावून. त्याच्या मुलखात विहिरी साठ-साठ हात खोल. दगडाआडचं पाणी ऐकायला त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं हळूच कान काढला आणि तिच्याकडे बघितलं. पेठेत जागोजागी थांबणारी ही बाई या एकाच ठिकाणी पळाल्यासारखी गेली होती. तिचे डोळे, दातातला पदर, सगळं त्यानं बघितलं.

तो काही विचारील असं तिला वाटलं. आरडाओरडा करील असंही वाटलं. मग त्यानं जे विचारलं ते तिला अपेक्षित नव्हतं.

"आत कोन हाय, बाई?"

खोटं बोलायची तिची तयारी होती, पण ती 'काय आहे' या प्रश्नाची होती. या प्रश्नाला तिच्याकडे एकच उत्तर होतं.

"माजा मानूस," ती म्हणाली.

खेमानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि हातात धरलं. पुढे म्हातारपणी तो सांगायचा म्हणे, की महिनाभर लोकांच्या मागून चालून त्याला जेवण गोड लागेनासं झालं होतं. चाळीस माणसं आपापल्या उंबऱ्याशी जाऊन कशी उभी राहिली ते त्यानं बघितलं होतं आणि सगळ्याचा झाडा किल्लेदाराला दिला होता. तिसरा टोला पडला. त्यानं मुंडासं परत बांधलं.

संध्याकाळच्या आत किल्लेदारानं विचारलं, "कुठं कुठं थांबली?"

"येशीत, घाण्यापाशी, उंबऱ्याशी, देवळात."

"वर?"

"वर दमली व्हती. कुटंच न्हाई."

किल्लेदारानं तिच्या घराचा उंबरा उखडून खाली खणलं. देवळाचं आवार खणलं. ते ढिगारे माळावरून दिसत होते. बायजानं राहीला विचारलं होतं, "दिसला का?" राही म्हणाली होती, "न्हाई." खणण्याची माती उडताना बघून बायजानं पुन्हा विचारलं नाही. पण ती राहीकडे आता वेगळ्या नजरेनं बघायची, आणि राहीचे फेरे नदीपर्यंत होते ते नदीपलीकडे जायला लागले.

चैत्रात टाक्यांचे तळ दिसले. वैशाखात घोडे मरायला लागले, आणि एका सकाळी फौज गड सोडून घाटाखाली उतरून गेली. खेमा मात्र फौजेबरोबर गेला नाही. तो सरळ माळावर आला आणि राहीच्या झोपडीसमोर लांबच उभा राहिला. लोकांनी काठ्या उगारल्या. राही म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्याला." का, ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही.

तीनशे घरं वर निघाली. पण पाण्यावाचून पेठ वसणार नव्हती, आणि पाणी कुठं आहे हे सांगणारी एकच बाई होती. तिच्या पुढे कुणी झालं नाही. ती पुढे, मागे बायजाला पाठकुळी घेतलेला शेजारणीचा मुलगा, मागे सगळा गाव, आणि सर्वांच्या शेवटी खेमा. तिसऱ्या वळणावर राही थांबली. कड्याला हात लावला, मग कपाळ लावलं. बायजानं ते बघितलं आणि तिला सगळं उमगलं. ती पाठीवरून खाली उतरली आणि राहीशेजारी जाऊन बसली.

ऊन डोक्यावरून कलंडलं. लेकरं तहानेनं रडत होती. तरीही कुणी कुदळ उचलली नाही. शेवटी राहीच उठली आणि बायजाला म्हणाली, "वन्सं, काडूया त्यांना."

दगड निघाला. आत भानजी कपारीला पाठ टेकून बसलेला होता, कुदळ मांडीवर, आणि पाच महिने उलटूनही म्हणे झोपेतल्यासारखा. पाणी त्याच्या पायांना वळसा घालून डोंगराच्या पोटात जात होतं. राहीनं आत उतरून त्याचे पाय धुतले. मग टाक्यांची वाट मोकळी केली.

पेठ पुन्हा वसली, पुढे कित्येक पिढ्या नांदली आणि काळ फिरला तशी ओसही पडली. खेमा गडावरच राहिला. परमुलखाची माणसं गड बघायला आली की तो त्यांच्यासोबत जायचा, पण पुढे व्हायला त्याचे पाय धजत नसत. त्याच्या पाठचे वाटाडे तसेच चालत आले.

आजही तिसऱ्या वळणावर तो झरा वाहतो, भर वैशाखात सुद्धा. तिथं पाहुणा पाण्याशी वाकला की वाटाड्या दहा पावलं मागेच थांबतो, डोक्याचं मुंडासं काढून हातात धरतो. खाली गाडीचा हॉर्न कितीही वाजला, तरी तो माणूस आपण होऊन उठेपर्यंत त्याला कुणी हाक मारत नाही.