चटणीच्या प्लगवरची गाडी

एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध निरूपणकार राहत. त्यांच्या मठात दर गुरुवारी दुपारी निरूपण आणि संध्याकाळी महाप्रसाद असे. त्यांचा आवाज थकला, तेव्हा हे गुरुजी आपल्या शिष्याला म्हणाले, "या गुरुवारी तू बस. सभा शेवटपर्यंत बसली, तर व्यासपीठ तुझे." शिष्याची झोपच उडाली.

त्याच आठवड्यात हिंगाच्या एका दानशूर व्यापाऱ्याने मठाच्या अंगणात विजेच्या गाड्यांसाठी दोन फास्ट चार्जर बसवून दिले. गाडी अर्ध्या तासात भरे. "गुरुजींच्या दारी संथ काम नको," शेटजी म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी यंत्रापेक्षा थोडीच लहान होती.

गुरुवार उजाडला. शिष्याने ध्रुवबाळाला जेमतेम रानात पोचवले, तोच पहिल्या रांगेत मोबाइल वाजला. एकाची गाडी भरली होती. तो ती काढायला उठला, दुसरा आपली लावायला उठला, आणि तिसरा 'नंबर माझा होता' म्हणत दोघांच्या मागे धावला. ध्रुव रानात एका पायावर उभा राहिला आणि श्रोते मांडवात दोन्ही पायांवर. शिष्याला रडू कोसळायचेच बाकी होते.

शेटजी आपली गाडी लावून नुकतेच टेकले होते, तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेला एक तरुण धापा टाकत आत आला. उतावळ्या नवऱ्याची म्हण सर्वांना ठाऊक आहे, पण इथे नवऱ्याचा दोष नव्हता.

"लग्न घाटापलीकडे आहे हो, मुहूर्त जवळ आलाय, आणि गाडीत घाट चढण्याइतकंही चार्जिंग नाही!"

"रांगेत या," कोणीतरी म्हणाले.

गुरुजी निरूपणातून उठले. शिष्याच्या मनात आले: गुरुजीच उठले, मग राहिले कोण? त्यांनी शेटजींना गाडी काढायला लावली, त्या जागी नवरदेवाची लावली, आणि शेटजींची स्वयंपाकघराच्या भिंतीशी नेऊन, चटणी वाटायचे यंत्र चाले त्या प्लगला जोडायला सांगितली.

शेटजींचा पारा चढला. "माझ्याच यंत्रावरून मला उठवलंत? आणि चटणीच्या प्लगवर? अहो, गाडी संध्याकाळपर्यंत अर्धीसुद्धा भरायची नाही!"

"तुम्ही निघणार केव्हा?"

"प्रसाद घेऊन. संध्याकाळीच."

"आणि घर?"

"हे काय, शेजारच्या गावात," शेटजी म्हणाले.

गुरुजी हसले. "शेटजी, वेग हा वाटेवरच्या माणसाचा धर्म. या मुलाला अर्धा तास म्हणजे त्याचे लग्न आहे. आपण इथे बसायला आलो. बसलेल्याची गाडी लवकर भरली, की त्यालाच उठावे लागते, आणि ज्याला घाई तो रांगेत ताटकळतो. तुमचे फास्ट चार्जर नाक्यावर चहाच्या टपरीशेजारी हलवा. अंगणात साधे, संथ, पण पुष्कळ लावा. माणूस जितका वेळ थांबणार, तितक्या वेळात त्याचे काम भागले की पुरे."

"आणि वडिलांचं नाव?"

"नाक्यावर जास्त लोक वाचतील."

शेटजींचा राग तिथेच उतरला. नवरदेवही मुंडावळ्या सावरत घाट चढून वेळेत पोचला.

पुढच्या गुरुवारी शिष्य पुन्हा ध्रुवाची कथा घेऊन बसला, तेव्हा अंगणात नव्या साध्या चार्जरांवर ओळीने गाड्या संथपणे भरत होत्या. मोबाइल वाजला नाही. ध्रुवाला अढळपद मिळाले, आरती झाली, प्रसाद झाला. शिष्य हर्षाने गुरुजींच्या पाया पडला. "गुरुजी, आज एकही माणूस उठला नाही!"

"कसा उठेल? गाड्या भरायच्या होत्या."

शिष्याचा चेहरा पडला.

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ती खांबापाशी बसलेली म्हातारी पाहिलीस? ती एसटीने आली होती. तिच्या गावची शेवटची गाडी तू ध्रुवाला रानात नेलेस तेव्हाच गेली. मी तिला खूण केली, तर मलाच हाताने गप्प बसवले तिने. व्यासपीठ तुला तिने दिले आहे, बरे."

शिष्य उठला, शेटजींकडे गेला, आणि आजींना घरी पोचवाल का, असे त्याने हात जोडून विचारले.

शेटजींनी दार उघडून धरले. गाडीत तेवढे चार्जिंग नक्कीच होते.