सोपानची बोलकी पाणपोई

आमच्या माळावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक भोळा पोरगा होता. नाव सोपान ढमढेरे. पोरगं गुणी हो, अगदी गुणी! सांगितलेलं ऐकायचं, ऐकलेलं लक्षात ठेवायचं. पण लक्षात ठेवलेलं कुठं वापरावं, एवढंच काय ते त्याला कळायचं नाही.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी जोड्या लावल्या. सोपानच्या जोडीला आली शबाना मुलाणी. पोरगी हुशार. पुण्यात नोकरीही ठरलेली, फक्त एक अट होती. प्रोजेक्टमध्ये पास व्हायला हवं. नापास झाली तर नोकरी गेली आणि वर्षही गेलं.

प्रोजेक्ट होता बोलकी पाणपोई. प्लायवूडची एक कपाटाएवढी पेटी, मागं दार, पुढं नळ. नळापुढं हात धरला की पेटीनं म्हणायचं, "नमस्कार, पाणी घ्या." आणि ग्लासात पाणी सोडायचं. कागदावर एकदम झकास दिसत होतं.

पहिल्या दिवशी शबाना म्हणाली, "सोपान, एवढ्या वायरी एकमेकींना जोड."

सोपाननं जोडल्या. छान पीळ घातला, वर गाठीही मारल्या. बटण दाबलं तर काहीच नाही. शबानानं वाकून बघितलं. पठ्ठ्यानं प्लास्टिकसकट वायरी बांधल्या होत्या!

"अरे देवा! जोडायच्या आधी वरचं सोलून काढायचं असतं."

"असं होय! आता लक्षात ठेवतो," सोपान म्हणाला.

आणि ठेवलं की. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज स्पीकर जोड."

सोपाननं स्पीकर घेतला. उलटासुलटा करून बघितला. वर काळा कागद दिसला. नखानं कोपरा धरला आणि टराटरा सगळा सोलून काढला. मग जोडला. पेटीतून आवाज आला, पण तो पाणी घ्या म्हणत होता की कुणाला चावत होता, ते कळेना.

"अरे, तो पडदा होता! त्यातनंच आवाज येतो. नाजूक वस्तू कापसात गुंडाळून जपायची असते, सोलायची नसते!"

"असं होय! आता लक्षात ठेवतो."

शबाना स्वतः जाऊन नवा स्पीकर घेऊन आली. तो तिनंच बसवला. सोपानला म्हणाली, "तू आपला पंप बसव. टाकीत सोडायचा आणि बटण दाबायचं. बस्स."

पंप लिंबाएवढा. सोपानला वाटलं, किती नाजूक हा! त्यानं कापसाचा अख्खा गठ्ठा आणला. पंपाला बाळंतिणीसारखा नखशिखांत गुंडाळला. भिजून कापूस खराब होईल म्हणून टाकीबाहेरच ठेवला आणि बटण दाबलं. घर्र झालं, धूर निघाला, वास सुटला. शबाना धावत आली आणि कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

"सोपान, हा कोरडा चालवायचा नसतो रे! पाण्यात बुडवूनच चालवायचा, नाहीतर जळतो!"

"अगं, मग असं आधी नाही का सांगायचं? आता लक्षात ठेवतो."

आता पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मलाही कळलं होतं. बिचाऱ्या शबानाला मात्र कळलं नाही. तिनं दुसरा पंप आणला, स्वतः बसवला, सगळं जुळवलं. पेटी बोलली, पाणी पडलं. परीक्षेच्या सकाळी ती निर्धास्त मनानं डबा खायला गेली. जाताना म्हणाली, "बोर्ड तेवढा सांभाळ. तोच या पेटीचा मेंदू आहे. जळला तर संपलं."

जळला तर! सोपानला घाम फुटला. जळू नये म्हणून काय करायचं, ते त्याला पाठ होतं. त्यानं बोर्ड काढला आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत अलगद सोडला.

शबाना परत आली तेव्हा तो बादलीशेजारी राखण करत बसला होता. तिला रडूच फुटलं.

"तुला कळत नाही ना, मग विचारायचं रे! आधी विचारायचं, मग करायचं! न विचारता बोटसुद्धा हलवायचं नाही!"

"असं होय!" सोपानही रडवेला झाला. "आता लक्षात ठेवतो."

बोर्ड पुसून मेसमधून आणलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवला, पण तो काही लगेच सुकणार नव्हता. शबाना डोळे पुसत म्हणाली, "मी खालच्या वर्गातून कुणाचा तरी बोर्ड मागून आणते. बाहेरचे परीक्षक कधीही येतील. त्यांनी हात पुढं केला की पेटीतनं आवाज आला पाहिजे आणि ग्लासात पाणी पडलं पाहिजे. नाहीतर मी बुडाले, सोपान!"

ती पळाली. सोपाननं विचार केला. आवाज आला पाहिजे. पाणी पडलं पाहिजे. त्यानं एक तांब्या भरला, पेटीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन नळाच्या नळीशी बसला.

तेवढ्यात परीक्षक आले. बर्वे सर. मोठे कडक माणूस, सकाळपासून कुणाला हसू दाखवलं नव्हतं. त्यांनी नळापुढं हात धरला.

"नमस्कार," पेटी म्हणाली. "सर, पाणी ओतू का?"

सर दचकले. "विचारतं? बरं, ओत."

"अर्धा ग्लास की पूर्ण?"

"पूर्ण!" सरांनी खुर्ची पुढं ओढली. पाणी पडलं. सर प्यायले. "तुला माझं बोलणं कळतं?"

"थोडं थोडं, सर."

"मराठी कुठं शिकलास?"

"घरीच, सर."

सर खदाखदा हसले. "आणि चूक झाली तर?"

"लक्षात ठेवतो, सर."

शबाना बोर्ड घेऊन दारात आली, तर आत हे चाललेलं. ती जागच्या जागी थिजली. बोर्डाशिवाय पेटी बोलते कशी? मग तिला तो आवाज ओळखू आला.

"ये मुली, ये!" सर म्हणाले. "एवढी वर्षं परीक्षा घेतोय, पण असं यंत्र बघितलं नाही. समोरच्याला विचारल्याशिवाय काही करत नाही! कुणी शिकवलं याला हे?"

"मीच, सर," शबाना कशीबशी म्हणाली. तेवढं तरी खरं होतं. "पण सर, ते..."

"पण नाही नि बिण नाही. पैकीच्या पैकी देतो!" सरांनी पेनाचं टोपण काढलं, कागद पुढं घेतला.

तेवढ्यात पेटी पुन्हा बोलली. "सर, मी बाहेर येऊ का? पायाला मुंग्या आल्यात."

सर हसून हसून लाल झाले. "ये की बाबा, ये!"

मागचं दार करकरलं. सोपान तांब्यासकट बाहेर आला, चड्डीपर्यंत भिजलेला. सरांचं हसू थांबलं, पेनही थांबलं. सोपाननं मात्र त्यांच्याकडं बघितलंच नाही. तो शबानाकडं वळला आणि छाती फुगवून म्हणाला,

"बघ, या वेळी विचारून आलो!"