ढोल वाजवून पाखरू बघायला गेलेला राजा

एक राजा होता आणि त्याला झोप येत नव्हती. तुमच्यासारखंच. पण तुम्ही मुद्दाम जागता, त्याला खरंच येत नव्हती. तीन महिने डोळ्याला डोळा नाही. वैद्य आले, काढे झाले, डोक्यावर तेल थापून झालं. काही उपयोग नाही.

मग तो चिडला. म्हणाला, "मी जागा आणि रयत घोरते? घरोघर घंटा बांधा. कुणाचा डोळा मिटला की बडवा."

राजा म्हणजे शहाणा असतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला? बन्या, पाय पांघरुणात घे. परत सांगणार नाही.

तर घंटा बांधल्या. आता राजाची कुत्री सांभाळायला लिंबाजी नावाचा माणूस होता. त्याची पोर चार महिन्यांची. घंटा वाजली की दचकायची, रडायची, दूध ओकायची. पार काडी झाली. लिंबाजीची बायको सगुणा म्हणाली, "आणखी आठ दिवस हे चाललं तर पोर हातची जाईल. कुत्र्यांशी बोलता तेवढं राजाशी बोला की!"

मग लिंबाजी गेला. म्हणाला, "महाराज, पौषातल्या सगळ्यात लहान दिवशी आपल्या रानात एक पाखरू येतं. मुठीएवढं, राखेच्या रंगाचं. जुन्या बेहड्याच्या झाडावर बसून दिवसात तीनदा गातं आणि निघून जातं. गाणं ऐकेल त्याला झोप लागते. उद्याच आहे तो दिवस."

"जाऊ," राजा म्हणाला.

आता बरं का, या राजाला रान म्हणजे शिकार, दुसरं काही ठाऊक नाही. शिकारीची रीत अशी, की दोनशे हाकारे ढोल आणि डबे बडवत रान उठवतात, मग जनावर पळत राजापुढे येतं. पाखरू बघायला जायचं तरी तीच रीत! लिंबाजी ओरडून दमला, "अहो प्रधानजी, ढोल नको!"

प्रधान म्हणाला, "महाराज रानात जाणार आणि ढोल नको? लोक काय म्हणतील?"

काय बोलायचं असल्या माणसाला!

सूर्य उगवला. धुकं होतं, गवतावर दहिवर होतं. पाखरानं चोच उघडली आणि इकडे धाडधाड ढोल सुरू. मग काय! सातभाई कलकलाट करत उठले, होले उडाले, मोर पळाले. एक ससा प्रधानाच्या दोन पायांमधून गेला आणि प्रधान आपटला. हसू नका, झोपायचंय. पाखरानं चोच मिटली आणि गेलं डोंगरापलीकडे.

मग दुपार झाली. राजानं ढोल बंद केले. ढोल बंद, पण तोंड कुठे बंद? "आलं का रे? कुठल्या फांदीवर? ते का? अरे, तो तर कावळा!" आणि प्रधान सगळ्यांत मोठ्यानं ओरडतोय, "शांत राहा! महाराजांना शांतता हवी!" पाखरू आलं, यांच्याकडे बघितलं आणि गेलं.

आता एकच गाणं राहिलं. लिंबाजीला पोरीचं तोंड दिसायला लागलं. तो राजापुढे उभा राहिला. म्हणाला, "मान कापायची तर उद्या कापा, महाराज. आज माझं ऐका. या सगळ्यांना घरी पाठवा. तुम्ही, मी आणि तीन कुत्री, बास."

"कुत्री? ती भुंकतील की!"

"तुमच्यापेक्षा कमीच."

प्रधानाचा चेहरा पांढरा पडला. पण राजाच्या अंगात चिडायचंसुद्धा बळ उरलं नव्हतं. माणसं परत गेली. मग दोघं कुत्र्यांच्या मागून चालायला लागले. कुत्रं थांबलं की राजा थांबायचा, कुत्र्यानं कान टवकारले की राजा कान द्यायचा. लांब सुतारपक्षी टकटक करत होता. तो आवाज राजानं जन्मात पहिल्यांदा ऐकला.

बेहड्याखाली पोचल्यावर लिंबाजी हळूच म्हणाला, "डोक्यावर हात असला की कुत्रं गप्प बसतं. डावा हात ढाण्यावर ठेवा, उजवा चांदीवर."

"आणि ही तिसरी?"

"खुळी? ती मांडीवर."

राजानं आजवर कुत्र्याला हात लावला नव्हता, सगळं नोकर करायचे. खुळी तर अशी ऊबदार, जशी तव्यावरून उतरलेली भाकरी. उन्हं कलली. लिंबाजी फांदीकडे बघत बसला. आता येईल, मग येईल. आणि मागून आवाज आला, घुर्रर्र!

राजा झोपला होता! पाखरू यायच्या आधीच! लिंबाजीनं कपाळावर हात मारला. एवढा खटाटोप कशासाठी केला मग?

मग पाखरू आलं. राजाच्या पागोट्यावर बसलं आणि गायला लागलं. लिंबाजीला दोन सूर ऐकू आले, तिसऱ्याला तो आडवा. गाणं रानातून शेतावर गेलं, शेतावरून गावात गेलं. घंटा बडवणारे घंटेला टेकून झोपले. सगुणाचा डोळा लागला. पोरीची आवळलेली मूठ उघडली आणि ती गाढ झोपली.

राजा तीन दिवसांनी उठला. म्हणाला, "काय गायलं पाखरू! वा!" आणि जन्मभर तेच सांगत सुटला. एक सूर ऐकला नव्हता मेल्यानं! लिंबाजी गप्प बसला. घंटा उतरवल्या होत्या, पोर बाळसं धरत होती, त्याला आणखी काय हवं होतं? खुळी मात्र त्या दिवसापासून राजाच्या गादीवर झोपायला लागली. सगळे सुखात राहिले, प्रधानसुद्धा, त्याची लायकी नसताना.

राजा झोपला, पोर झोपली, कुत्री झोपली. जागे तुम्ही दोघं आणि तुमच्यापायी मी. मिटा डोळे. नाहीतर आणतो घंटा.